पप्पांच्या भुवया

“भरत, तू आत स्वयंपाकघरात जा,” आक्का म्हणाल्या.

“का?”

“सुपरवायझर मी आहे. जा म्हटलं की जायचं.”

भरतेश आत गेले. ते गेले आणि बाहेरच्या खोलीत पाटावर कागद ठेवून गणिताचा पेपर लिहीत बसलेल्या आमच्या सन्मतीचं पेन थांबलं. तिनं एकदा दाराकडं पाहिलं, एकदा पंख्याकडं पाहिलं आणि पेनाचं टोपण चावायला घेतलं.

“आता बाहेर ये.”

भरतेश बाहेर आले. पेन सुरू झालं.

“जा आत.”

पेन बंद. बिघडलेल्या ट्यूबलाइटचं बटण खालीवर करून बघतात तसं आक्कांनी माझ्या नवऱ्याला चार-पाच वेळा आतबाहेर केलं. मग हात झटकून मला म्हणाल्या, “पद्मा, ही पोर पेपर लिहीत नाही. बापाचं तोंड वाचते.”

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. जयसिंगपुरातच दोन गल्ल्या पलीकडं राहायच्या आणि तिथल्याच एका मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्या सख्ख्या भावाच्या दोन्ही मुली मात्र कुठल्याच शाळेत जात नव्हत्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आम्ही त्यांना घरीच शिकवत होतो. गणित आणि विज्ञान भरतेशकडं, मराठी आणि इतिहास माझ्याकडं. मी पतसंस्थेत नोकरीला, त्यामुळं पानिपतची लढाई आमच्याकडं नेहमी भाकरी थापताना व्हायची.

हे सगळं ठरवून झालं असं लोकांना वाटतं. तसं काही नव्हतं. सन्मतीला आम्ही आक्कांच्याच शाळेत पहिलीत घातलं होतं. पहिल्या दिवशी भरतेश तिला सोडायला गेले आणि वर्गाच्या खिडकीशी उभे राहिले ते तिथंच राहिले. प्रार्थना झाली, हजेरी झाली, पाढे सुरू झाले, तरी हलेनात. पोर पाढे म्हणेना, खिडकीकडंच बघत बसली. शेवटी आक्का चिडून म्हणाल्या, “भरत, एक तर तू घरी जा, नाहीतर दोघंही जा.” दोघंही घरी आले. पुढची बारा वर्षं आक्का त्या एका वाक्याला पस्तावल्या.

दहावीला खरं तर परीक्षेची सवय व्हायची. पण मुक्त विद्यालयातून सन्मती दहावीला बसली त्याच वर्षी कोरोना आला, परीक्षा रद्द झाल्या आणि सगळ्यांना घरबसल्या पास केलं. आता बारावी आली होती. जन्मात पहिल्यांदा पोर अनोळखी हॉलमध्ये बसणार होती. म्हणून भरतेशनीच टूम काढली, की घरी एक खोटी परीक्षा घ्यायची. हॉल भरलेला दिसावा म्हणून शेजारचे चौगुलेमामा आणि शोभाकाकू यांनाही एकेक पाट आणि पेपर देऊन बसवलं होतं. धाकटी रतू ताटलीवर लाटणं बडवून घंटा द्यायला होती. मामांना गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून ते पेपरावर घरच्या किराण्याची यादी लिहीत होते. शोभाकाकू त्यांचं बघून लिहीत होत्या. तपासताना दोघांच्याही उत्तरात पोहे दोन किलो निघाले.

पण त्या दिवशी हसायला कुणाला सुचलं नाही. कारण त्या परीक्षेवर आमची दुसरी पोर पणाला लागली होती.

रतू सहा वर्षांची झाली तेव्हा आक्का हट्टालाच पेटल्या होत्या, की एकीचं वाटोळं केलंत तेवढं पुरे, हिला तरी शाळेत घाला. तेव्हा भरतेशनी माझ्या सासऱ्यांच्या देखत शब्द दिला होता, “सन्मती बारावीला पडली, तर रतूला तुझ्या शाळेत घालीन. पास झाली, तर तू पुन्हा शाळेचं नाव काढायचं नाहीस.” सासरे पुढं वारले, त्यामुळं तो शब्द आणखीच पक्का झाला. आमच्याकडं माणूस गेला की त्याच्यासमोर बोललेलं खोडता येत नाही.

“अहो, तुम्ही तिला उत्तरं सांगता?” मी भरतेशना विचारलं.

“मी? मी तोंडातून चकार शब्द काढत नाही.”

“तोंडातून नाही,” आक्का म्हणाल्या. “सन्मती, हे गणित कर बघू. आणि भरत, तू तिच्याकडं बघत राहा. पद्मा, तू याच्याकडं बघ.”

मी पाहिलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, पण इतकं लक्ष देऊन मी नवऱ्याकडं कधी पाहिलं नव्हतं. सन्मतीनं एक पायरी लिहिली आणि मान वर केली. भरतेशच्या दोन्ही भुवया निवांत होत्या. तिनं दुसरी पायरी लिहिली, मान वर केली. त्यांची डावी भुवई केसांना भेटायला निघाली. सन्मतीनं पायरी खोडली. भुवई घरी परतली.

“बघितलंस?” आक्का म्हणाल्या.

“मी काय केलं?” भरतेश म्हणाले. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. आपल्या तोंडावर काय चाललंय हे त्यांना जन्मात कधी कळलं नाही. पत्ते खेळताना हुकूम कुणाकडं आहे ते समोरच्याला यांच्या तोंडावरून समजायचं.

रतू लाटणं हातात धरून सगळं ऐकत होती. “ताई पडली तर मला खरंच आत्याच्या शाळेत जावं लागणार?” तिनं विचारलं.

“नाही गं माझ्या बाळा,” भरतेशनी तिला जवळ घेतलं. “ताई पडणार नाही. तुला कुठं जावं लागणार नाही.”

रतू लाटणं ठेवून परसात गेली आणि संध्याकाळी नीट जेवलीही नाही. पोरीनं धास्ती घेतली असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून उपचार सुरू झाले. आधी भरतेशनी हेल्मेट घालून शिकवायचं असं ठरलं. एप्रिलचा महिना, पंखा चालू, आणि हा माणूस काच खाली ओढून त्रिकोणमिती सांगतोय. आतून आवाज यायचा तो विहिरीतून आल्यासारखा. एकदा पोस्टमन आला तो दारातूनच म्हणाला, “बाहेर निघालाय वाटतं, उद्या येतो.” पण सन्मती तरीही बरोबर खोडायची. मी विचारलं, कसं कळतं गं? ती म्हणाली, “पप्पांची मान कळते.” मग पाठ करून बसवलं. तर पाठही बोलायची.

आक्कांनी मग फर्मान काढलं, की भरतनं चेहरा निर्विकार ठेवायला शिकावं. आमचं चष्म्याचं दुकान घराच्या पुढच्या भागातच होतं, तिथं आरशांना काय तोटा. भरतेश रोज सकाळी आरशापुढं बसून मनातल्या मनात चुकीची गणितं करायचे आणि भुवया दाबून धरायचे. गिऱ्हाईक आलं तरी सराव मोडायचा नाही असा आक्कांचा दम होता.

पहिलं गिऱ्हाईक चौगुलेमामा. दर वर्षी डोळे तपासून जायचे आणि दर वर्षी शेवटची ओळ वाचून दाखवायचे. त्या दिवशी भरतेश दगडासारखे बसले आणि मामा दुसऱ्याच ओळीला अडकले.

“भरतेश, नवा तक्ता लावलाईस काय रे?”

“जुनाच आहे, मामा.”

“मग आसं का पुसट दिसतंय? हे ग हाय का म? जरा बघ की हिकडं.”

भरतेशनी बघितलं, पण भुवई हलवली नाही. मामांना घाम फुटला. तेव्हा सगळा उलगडा झाला. मामा इतकी वर्षं तक्ता वाचतच नव्हते. अक्षर ठोकून द्यायचे, भरतेशची भुवई वर गेली की दुसरं ठोकायचे. त्या आठवड्यात आणखी पाच-सहा जणांचे नंबर असेच भसाभस वाढले. निम्मं जयसिंगपूर माझ्या नवऱ्याच्या भुवयांवर चालत होतं. मामांनी नवा चष्मा घातला, दारात उभ्या असलेल्या शोभाकाकूंकडं पाहिलं आणि म्हणाले, “आरं, ही कधी म्हातारी झाली?” काकू महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

दुकानात जमलेला चेहरा सन्मतीपुढं मात्र टिकायचा नाही. पोरीनं बरोबर पायरी लिहिली की या माणसाच्या गालांवर अशी काही पौर्णिमा पसरायची, की आक्काही तोंड फिरवायच्या. शेवटी त्यांनी भावाला उचललं आणि परीक्षा होईपर्यंत आपल्या घरी नेऊन ठेवलं. दुकानाला कुलूप लागलं. भरतेश जाताना पिशवीत दोन शर्ट आणि गणिताचं पुस्तक घेऊन निघाले तेव्हा सन्मती दारात उभी होती. हे तिच्याशी बोलायला लागले तर आक्कांनी त्यांना ढकलतच नेलं.

आणि झालं भलतंच. ते असताना सराव परीक्षेत ऐंशीच्या पुढं जाणारी पोर ते गेल्यावर चाळिशीत आली. मी उत्तरं पडताळून बघायची आणि मार्कांची बेरीज पुन्हा पहिल्यापासून करायची.

“सनू, तुला येत नाही का गं हे?”

“येतं की.”

“मग सोडलंस का?”

“करमत नाही, आई.”

मला राग आला. करमत नाही म्हणून कुणी गणितं सोडतं का? मी तिला नाही नाही ते बोलले. बारा वर्षं लोकांची बोलणी खाल्ली, लग्नकार्यात बायका ‘ही शाळेत न जाणारी का?’ म्हणून पोरीला माकडासारखं बघून जायच्या, ते सगळं त्या एका वाक्यात माझ्या तोंडून बाहेर पडलं. सन्मतीनं ऐकून घेतलं आणि पुढचा पेपर काढला.

गणिताच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेलो. आक्का भरतेशना घेऊन तिथंच आल्या. रतूनं डोळे मिटून इतका वेळ हात जोडले, की पुजाऱ्यांनाही कौतुक वाटलं. केंद्र सांगलीला होतं. फाटकापाशी भरतेशनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आक्कांनी त्यांच्या तोंडासमोर आपली पर्स धरली. सन्मती पर्सला नमस्कार करून आत गेली.

पेपर सुरू झाला. मी आणि आक्का रतूला घेऊन रस्त्यापलीकडच्या रसवंतीत बसलो. भरतेशना आक्कांनी बजावलं होतं, “इथून हलायचं नाही.” पण आमचं रसात लक्ष असताना ते कधी उठले ते कळलंच नाही. बाहेर गलका ऐकू आला तेव्हा बघितलं, तर शाळेच्या कंपाउंडला लागून एक कडुनिंब होता, त्याखाली हे उभे, आणि एका पोलिसानं त्यांचं मनगट धरलेलं.

“काय ओ, कुणाला खुणा करालाय?” पोलीस विचारत होता.

“कुणालाच नाही.”

“मग भुवया कशाला उडवालाय? मघाधरनं बघालोय मी. एकदा वर, एकदा खाली. डावी वर म्हंजे अ, उजवी वर म्हंजे ब. आसंच न्हवं?”

आता इथं दुसरा कुणीही गप्प बसला असता. पण माझ्या नवऱ्याला चुकीचं उत्तर खपत नाही. ते म्हणाले, “नाही. डावी वर म्हणजे चूक.”

“सापडला,” पोलीस म्हणाला.

केंद्रप्रमुख धावत आले. आक्का पदर खोचून पुढं झाल्या. “मी मुख्याध्यापिका आहे. जन्म गेला माझा कॉप्या पकडण्यात. हा माझा भाऊ आहे आणि याचा चेहरा पाळण्यात असल्यापासून असाच आहे.”

“बाई, तुमचं सगळं खरं,” केंद्रप्रमुख म्हणाले, “पण यांनी कबूल केलंय. मुलगी आत यांच्याकडं बघून लिहीत असेल तर मला पेपर रद्द करावा लागेल. चला माझ्याबरोबर, तुमच्यासमोरच बघू.”

पोलिसानं भरतेशना बाकावर बसवलं, शेजारी रतूला. “आन् तोंड भिंतीकडं करा,” तो म्हणाला. “तुमचं काय सांगता येत न्हाई.” भरतेश लहान मुलासारखे भिंतीकडं तोंड करून बसले. आपल्यापायी पोरीचं वर्ष जाणार, हे त्यांना कळून चुकलं होतं.

जिना चढताना आक्कांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला वाटत होतं, आक्का जिंकल्या तर त्यांना आनंद होईल. त्यांच्या तोंडावर आनंद नव्हता.

सन्मतीच्या नंबराचा बाक अगदी खिडकीला लागून होता. खिडकीतून कडुनिंब समोर दिसत होता, त्याखालची जागाही. पण बाक रिकामा होता. मग आक्कांनी बोट दाखवलं. खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, फळ्याशेजारच्या कोपऱ्यात एक टेबल भिंतीला लावलं होतं आणि माझी पोर सगळ्यांकडं पाठ करून, भिंतीला नाक लावून लिहीत होती.

वर्गावरच्या बाई बाहेर आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “पेपर वाटायच्या आधीच माझ्याकडं आली. म्हणाली, मॅडम, मला भिंतीकडं तोंड करून बसवा. माझे पप्पा बाहेर आहेत, ते झाडाखाली येऊन उभे राहणारच.”

“उत्तरं सांगतात म्हणून?” केंद्रप्रमुखांनी विचारलं.

“मी पण तेच विचारलं. तर म्हणाली, मला उत्तरं येतात. पण मी बघितलं की त्यांना बरं वाटतं. लहानपणापासून बघत आले. आज बघत बसले तर वेळ पुरणार नाही.”

आम्ही तिघं दारात उभे राहिलो. सन्मतीचं पेन थांबत नव्हतं. तिनं एक ओळ लिहिली, स्वतःच खोडली, पुन्हा लिहिली. मान वर केली नाही. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. चाळिशीतल्या त्या मार्कांवरून मी तिला काय काय बोलले होते, आणि ती नुसती बापावाचून एकटी पडली होती.

केंद्रप्रमुख खाकरले आणि म्हणाले, “चला, खाली चला. त्या गृहस्थांना सरबत द्या कुणीतरी.”

आक्का मात्र दारातून हलेनात. निकाल लागायला दोन महिने होते. तरी त्या म्हणाल्या, “पद्मा, पोर पास झाली. भरतला सांग.”

मी खाली जाऊन सांगितलं. भरतेश भिंतीकडं तोंड करूनच ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, “म्हणजे तिला माझी गरज नव्हती?” मी म्हटलं, “गणितासाठी नव्हती.” मग ते वळले, आणि पोलिसानं त्यांचं तोंड पाहून आपला रुमाल पुढं केला.

निकाल लागला. गणितात ब्याऐंशी. आक्का स्वतः पेढ्यांचा बॉक्स घेऊन आल्या आणि भावाच्या तोंडात पेढा कोंबून म्हणाल्या, “जिंकलास. पुन्हा शाळेचं नाव काढणार नाही.” चौगुलेमामा आणि शोभाकाकू आले. सगळे होते, फक्त रतू कुठं दिसेना.

ती दुकानात काउंटरखाली बसून हुंदके देत होती.

“काय झालं गं?” भरतेश घाबरून खाली वाकले. “ताई पास झाली की.”

“म्हणून तर,” रतू म्हणाली. “आता मला आत्याच्या शाळेत जाता येणार नाही.”

आम्ही सगळे काउंटरभोवती गोळा झालो.

“तुला जायचं होतं?” मी विचारलं.

“पहिल्यापासून. पण तुम्ही सारखे म्हणायचा, तुला जावं लागणार नाही, जावं लागणार नाही. मग मी कसं सांगणार?” तिनं नाक पुसलं. “मी बस्तीत मागितलं होतं, ताई दोनच मार्कांनी पडू दे. जास्त नको. ऑक्टोबरात परत बसता येतं.”

“रते,” सन्मती म्हणाली, पण ती हसत होती.

“शाळेत काय आहे एवढं?” भरतेशनी विचारलं.

“मैत्रिणी आहेत. गॅदरिंग आहे. नावडत्या बाई आहेत.” रतूला पुन्हा रडू फुटलं. “आणि मला शाळा बुडवायचीय, पप्पा. घरी शाळा बुडवून जायचं कुठं?”

आक्कांनी पेढ्याचा बॉक्स बंद केला. शब्द त्यांनी आत्ताच दिला होता, त्यामुळं त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, नुसत्या छताकडं बघत राहिल्या. आम्ही सगळे भरतेशकडं बघत होतो. बारा वर्षं ज्या शाळेपासून त्यांनी पोरी जपल्या, तिच्यासाठी त्यांचीच पोर काउंटरखाली रडत होती. ते गुडघ्यावर हात ठेवून सावकाश खाली तिच्याशेजारी बसले.

“डबा एक लागतो की दोन?” त्यांनी विचारलं.

“एकच,” रतू म्हणाली. “मधल्या सुट्टीत मी गाड्यावरचा वडा खाणार.”

इतकं झटकन उत्तर तिनं घरी कधीच दिलं नव्हतं, आणि देताना तिनं बापाच्या तोंडाकडं पाहिलंसुद्धा नाही.